लाडकीच्या कपाळावरची काळी फीत

नाबोर गालेआना आकापुल्कोच्या अड्ड्यावर गाडीतून उतरला तेव्हा आपण मेलेलो आहोत याची त्याला सुतराम कल्पना नव्हती. उलट कित्येक दिवसांत त्याला इतकं जिवंत वाटलं नव्हतं. डाव्या डोळ्यावरची साय डॉक्टरांनी काढून टाकली होती आणि ज्या जगाकडे तो मच्छरदाणीतून बघितल्यासारखा बघत आला होता, ते जग आता धुऊन दोरीवर वाळत घातल्यासारखं लख्ख दिसत होतं. समुद्र निळा आहे हे त्याला ठाऊक होतं. पण इतका निळा, हे तो विसरून गेला होता.

नाबोर हा लाडकीचा ड्रायव्हर. लाडकी हे त्याच्या बसचं नाव, आणि ते तिच्या कपाळावर वेलबुट्टी काढून लिहिलेलं होतं. तिच्या एका कुशीवर जलपरी होती, दुसऱ्या कुशीवर काळा चष्मा लावलेला शार्क मासा. काचेवर लाल झालर, झालरीखाली माता ग्वादालुपे, मातेभोवती उघडझाप करणारे दिवे आणि मागच्या बाकाखाली दोन कर्णे. त्या कर्ण्यांतून नाबोरची कुंबिया गाणी सुरू झाली की रस्त्यावरच्या दुकानांतल्या बरण्या किणकिणत. आकापुल्कोत यात काही विशेष नाही. इथे लोक बसचा नंबर बघत नाहीत. गाणं ऐकतात, चित्र बघतात आणि मग हात दाखवतात. मुकी बस आली तर कोणीतरी आजारी माणसाला घेऊन निघालंय असं समजून वाट देतात.

लाडकीत रोज सकाळी दोन्या सेनोबिया चढायची. ही तमालवाली; दोन्या हे मानाचं, बाई म्हणावं तसं. केळीच्या पानात बांधून उकडलेल्या मक्याच्या पिठाच्या गरम तमालांची बादली घेऊन ती बाजाराला निघायची. बादलीची जागा गिअरच्या बाजूला ठरलेली आणि तिची जागा ड्रायव्हरच्या मागे ठरलेली. उतरताना ती एक तमाल नाबोरच्या हातावर ठेवायची आणि विचारायची, ‘‘मीठ बरोबर आहे ना?’’ नाबोर म्हणायचा, ‘‘फर्मास.’’ वर्षानुवर्षं त्या दोघांमध्ये एवढंच संभाषण झालं. ती विधवा, तो कधी लग्नाच्या वाटेलाच न गेलेला. कधीतरी रविवारी तिला पिए दे ला कुएस्ताच्या किनाऱ्यावर न्यावं, दोरीच्या झोळ्यात बसून मासे खावेत आणि सूर्य बुडाला की विचारून टाकावं, असं नाबोरच्या मनात होतं. पण भर गर्दीत चौकातला लाल दिवा न जुमानणारा हा माणूस त्या प्रश्नापुढे आला की ब्रेक दाबायचा.

मग ती नारळांची गोष्ट घडली. एका सकाळी थांब्यावर घेरदार झग्यातली एक जाडजूड बाई उभी दिसली. नाबोरने बस थांबवली, दार उघडलं, गाणं हळू केलं आणि अदबीने म्हणाला, ‘‘या बाई, सावकाश चढा.’’ बाई काही हलेनात. तो थांबला, पुन्हा म्हणाला. मागे हशा पिकला तेव्हा त्याला कळलं की तो कापड टाकून झाकलेला शहाळ्यांचा ढीग होता. लोकांना वाटलं, काका आज रंगात आलेत. फक्त दोघं हसली नाहीत, नाबोर आणि सेनोबिया.

त्याच दिवशी त्याने बसच्या मालकाला, एर्मिलोला, गाठलं आणि शपथ घालून खरं सांगितलं. डोळा गेलेल्या ड्रायव्हरची बस दुसऱ्याला द्यायला आकापुल्कोत फार वेळ लागत नाही. एर्मिलो भला माणूस, म्हणाला, जा, डोळा करून ये, मी कोणाला बोलत नाही. आणि तो खरोखरच बोलला नाही. नाबोर बहिणीच्या गावी गेला, तिथून शहरात शस्त्रक्रिया झाली, मग पुन्हा बहिणीकडे अंधाऱ्या खोलीत पडून राहिला. मोबाइल तिसऱ्याच दिवशी खाडीत पडला. बरं झालं, असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

तर आता पितरांच्या दिवसांतली, म्हणजे मेलेली माणसं घरी पाहुणी येतात त्या दिवसांतली सकाळ होती, आणि नाबोर अड्ड्याबाहेर उभा राहून विचार करत होता की जायचं कसं. जन्मभर या शहरात लोकांना इकडून तिकडे नेलं, पण स्वतः प्रवासी म्हणून तो बसलाच नव्हता. समोर एक कोंबी, म्हणजे प्रवासी नेणारी लहान व्हॅन, लागली होती. शेवटच्या बाकावर तो अंग चोरून बसला. डोळ्यावर काळा चष्मा, खोलीत राहून उतरलेला रंग, अंगावर बहिणीने आग्रहाने दिलेला पांढराशुभ्र सदरा. कोंबी निघाल्यावर त्याने रीतीप्रमाणे पुढच्याच्या हातात नाणं दिलं. ते एका हातातून दुसऱ्या हातात असं करत ड्रायव्हरपर्यंत गेलं. ‘‘मागच्या काकांचे,’’ कोणीतरी म्हणालं. ड्रायव्हरने आरशात पाहिलं.

हा ड्रायव्हर आणि नाबोर यांची चौकाचौकात हॉर्न वाजवून भांडणं झालेली होती, त्यामुळे नाबोरने मान लववून ओळख दिली. ड्रायव्हरचा चेहरा कणकेसारखा झाला. त्याने छातीवर क्रॉस काढला, आणि ते नाणं हातोहात मागे परत आलं. त्यांच्याकडून घ्यायचं नाही, असा निरोप बरोबर आला. नाबोर सुखावला. धंद्यात अजून माणुसकी आहे म्हणायची.

कोंबी इतकी हळू चालली होती की सायकली पुढे जात होत्या. बऱ्याच वेळाने ड्रायव्हर मान न वळवता म्हणाला, ‘‘काका, परत जाल तेव्हा माझी आई भेटली तर एवढं सांगा, मी दारू सोडली.’’

याची आई चार वर्षांमागे वारली होती. अंत्ययात्रेला नाबोर स्वतः लाडकी घेऊन गेला होता. तो चाचरत म्हणाला, ‘‘अरे, मला ती कुठं भेटणार?’’

ड्रायव्हरने समजूतदारपणे मान हलवली. ‘‘बरोबर आहे. तुम्ही अजून नवीनच असाल तिथं.’’

नाबोर पुढच्याच थांब्यावर उतरला. दारूची गोष्ट खोटी दिसते, असं त्याला वाटलं. तरी मनात कुठेतरी काहीतरी चुकल्यासारखं टोचायला लागलं होतं. आता कोंबी नको म्हणून त्याने पिवळी शेअर टॅक्सी धरली. मागे आधीच तिघं होते, त्यात तो चौथा घुसला. पुढच्या सीटवर एक बाई मांडीवर झेंडूचा एवढा मोठा भारा घेऊन बसली होती की ड्रायव्हर फुलांतून डोकं काढून गाडी चालवत होता. तो नाबोरच्या ओळखीचा नव्हता; पण त्याची जीभ चाकापेक्षा जोरात चालत होती.

यंदा फुलं महाग का, तर मेलेच किती, असं तो म्हणाला. आणि मग मोजू लागला. कोपऱ्यावरचा न्हावी गेला. बर्फवाल्याची सासू गेली. आणि लाडकीचा नाबोर.

‘‘कोण?’’ नाबोर म्हणाला.

‘‘लाडकीचा नाबोर हो. शार्कवाली बस. माहीत नाही? बाहेरगावचे दिसता.’’

झेंडूवाली बाई हळहळली, म्हणाली, फार चांगला माणूस, गाडी चालवतानाच प्राण गेला, पण आधी बस नीट कडेला लावली. नाबोरच्या शेजारचा म्हणाला, कसली कडेला, सिवातानेहोला एका बाईच्या घरी गेला तो, म्हणून तर घरचे बोलत नाहीत. ड्रायव्हरच्या मते दोन्ही खोटं. शार्कनेच ओढून नेलं. बसवर शार्क काढला तेव्हाच आपल्याला हे कळलं होतं, असं तो म्हणाला.

‘‘पण मेला हे नक्की कशावरून?’’ नाबोरने विचारलं. त्याचा आवाज त्यालाच लांबून आल्यासारखा वाटला.

ड्रायव्हरला त्या प्रश्नाची कीव आली. ‘‘कशावरून म्हणजे? बसच्या कपाळावर काळी फीत बांधलीय. काचेवर नाव लिहिलंय. आणि बस गप्प आहे हो. लाडकी गप्प आहे.’’

यावर टॅक्सीत कोणाला काही शंका उरली नाही. नाबोरलाही थोडा वेळ उरली नाही. त्याने सदऱ्याच्या आतून हात घालून छातीवर ठेवला. आत कोणीतरी दारावर थापा मारत होतं.

‘‘आणि ती तमालवाली,’’ झेंडूवाली बाई म्हणाली, ‘‘बिचारी तेव्हापासून त्या बसमध्ये पाय ठेवत नाही. बादली डोक्यावर घेऊन चालत जाते बाजारात.’’

नाबोरने तिथेच टॅक्सी थांबवायला सांगितली. आपण मेलो हे त्याने एक वेळ ऐकून घेतलं असतं. पण सेनोबिया त्या उन्हात, ती बादली घेऊन, चालत?

किनाऱ्यालगतच्या हमरस्त्यावर तो उभा राहिला. गाणी वाजवत, दिवे उघडमीट करत बस मागून बस गेली. आणि मग आवाज न करता लाडकी आली. कपाळावर, नावाच्या बरोबर वर, काळ्या रेशमी फितीचं केवढं तरी फूल. काचेवर बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने थांब्यांची नावं लिहिलेली असायची, त्यांच्याखाली मोठ्या अक्षरांत होतं: ‘आमचा नाबोर, सुखाने विसावा घे.’ स्वतःचं नाव असं समोरून अंगावर येताना बघून तो एक पाऊल मागे सरकला. हात मात्र सवयीने वर गेला.

बस थांबली. स्टिअरिंगवर लिबोरियो नावाचा एक पोक्त, तोंड मिटलेला माणूस होता. एर्मिलोने डोंगरातल्या गावाहून बदली म्हणून आणलेला. त्याने नाबोरला कधी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्या बसमध्ये न दचकलेला तो एकटाच. त्याच्या मागच्या लोकांचं तसं नव्हतं. नाबोर पायरीवर चढला आणि चष्मा काढला. एक पिशवी खाली पडली, त्यातून संत्री घरंगळली आणि दारापर्यंत येऊन थांबली. ती उचलायला कोणी वाकलं नाही.

पहिल्यांदा बोलली ती दोन्या तिबुर्सिया. साऱ्या वस्तीत मयताघरी प्रार्थना सांगणारी ही बाई देहाने आणि मानाने मोठी, तीन माणसांच्या बाकावर एकटी बसणारी. तिने नाबोरला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. त्याच्या पायाशी पडलेली सावली बघितली. मग तिचा चेहरा रागाने लाल झाला.

‘‘नाबोर गालेआना, तुझ्यासाठी नऊ रात्री गुडघ्यांवर बसले मी. या गुडघ्यांवर. आता त्या प्रार्थनांचं मी काय करू?’’

नाबोरने माफी मागितली. दुसरं काय करणार? लोक एकेक करून त्याला हात लावून बघू लागले. एका म्हाताऱ्याने चिमटाच काढला. मग चौकशी सुरू झाली आणि लिबोरियोकडून एकेक शब्द ओढून काढावा लागला. फीत? मालकाने बांधली. मालकाची सासू वारली, तिला घेऊन तो तिच्या गावी गेला. गाणी? कर्ण्याची तार उंदराने खाल्ली. मग काचेवरचं?

‘‘ते यांनीच लिहिलं,’’ लिबोरियो मागे बोट दाखवून म्हणाला. ‘‘मला वाटलं, इथली पद्धत असेल.’’

ड्रायव्हर दिसेना, फीत दिसली, गाणं थांबलं. कोणीही शहाण्याने हाच अर्थ काढला असता, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं. तेवढ्यात नाबोरचं लक्ष काचेच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे ड्रायव्हरचा फोटो लावलेलं परवान्याचं कार्ड असतं. तिथे नुसताच गोंदाचा चौकोन होता.

‘‘तमालवाली घेऊन गेली,’’ लिबोरियो म्हणाला. ‘‘मी नको म्हटलं. ती म्हणाली, तुझा फोटो आहे का तो?’’

हे ऐकून नाबोर शेजारच्या बाकावर बसला. बसला म्हणजे कोसळला. पितरांच्या मांडणीवर फोटो ठेवतात तो घरच्यांचा. आईबापांचा, नवऱ्याचा, लेकरांचा. ड्रायव्हरचा कोणी ठेवत नाही. आणि आता ती फोटोला फुलं वाहून बसलेली असणार, आणि आपण तिच्या दारात चालत जाणार. हृदय बंद पडलं तर? किंवा नुसती लाज वाटून तिने दार लावून घेतलं आणि जन्मात उघडलं नाही तर?

हाच विचार बसमध्येही सगळ्यांना सुचला होता. तिला आधी कोणीतरी हळूच सांगायला हवं, यावर एकमत झालं. कोणी, यावर झालं नाही. शेवटी तिबुर्सियाने हे काम आपल्याकडे घेतलं, कारण वाईट बातमी सांगायचा तिच्याइतका हातखंडा कोणाचा नव्हता, आणि चांगली बातमी ही त्यामानाने सोपी. लिबोरियोला डोंगराच्या अंगाने बस वर घ्यायला सांगण्यात आलं. हा आपला मार्ग नाही, असं तो म्हणाला. आज आहे, असं सांगण्यात आलं. ज्यांना कालेताला जायचं होतं त्यांनीही उतरायला नकार दिला.

सेनोबियाची वस्ती पार वर, आणि शेवटचा टप्पा नुसत्या पायऱ्यांचा. खालच्या पायरीपासूनच झेंडूच्या पाकळ्यांची केशरी वाट घातलेली होती. वर जाणाऱ्या आत्म्याने शेजारच्या घरात शिरू नये म्हणून. तिबुर्सियाने नाबोरला दहा पायऱ्या मागे राहायला बजावलं आणि चढू लागली. अर्ध्यावर तिने कठड्याला हात टेकला. मग ती खाली बसली. मी जरा दम खाते, तू हलू नकोस, असं तिने खुणेनेच सांगितलं. नाबोरला ती खूण ‘तू हो पुढे’ अशी वाटली आणि तो तिला ओलांडून वर गेला. त्याच वेळी खाली चर्चमध्ये बाराच्या घंटा वाजल्या. लहानग्यांचे आत्मे परत निघतात आणि मोठ्यांचे येतात, ती वेळ.

घंटा ऐकून सेनोबिया पाकळ्यांची शेवटची मूठ घेऊन दारात आली. समोर, केशरी वाटेवर, पांढऱ्या सदऱ्यात नाबोर उभा होता.

तिच्या मुठीतल्या पाकळ्या खाली सांडल्या. तिने चौकटीला धरलं, डोळे मिटले, पुन्हा उघडले. तो होताच. नाबोरला सांगायचं होतं की घाबरू नका, मी जिवंत आहे, पण त्याचीच बोबडी वळली होती. मग तिच्या चेहऱ्यावरची भीती हळूहळू उतरली आणि पाहुणा वेळेवर आल्यावर येतं तसं काहीतरी त्यावर आलं.

‘‘आलास,’’ ती म्हणाली. वर्षानुवर्षं ती त्याला अहोजाहो करत आली होती. ‘‘ये आत. पाय पूस.’’

आत भिंतीशी मांडणी होती. मेणबत्त्या, पाव, पाण्याचा पेला, तमालांची चळत. वरच्या पायरीवर तिचा नवरा तेओदुलो, आणि त्याच्या शेजारी परवान्याच्या कार्डावर कपाळाला आठ्या घातलेला नाबोर. नाबोर तिथल्या स्टुलावर बसला, कारण तिने बस म्हटलं. ती पाठमोरी होऊन मेणबत्त्या सरळ करत बोलत राहिली.

‘‘त्या नारळांच्या दिवशीच मला कळलं होतं, तुला दिसत नाही ते. वाटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. मी म्हणणार होते, डोळा करून घे, मी येते सोबत. तू न बोलता निघून गेलास. तेओदुलोला सांगितलंय मी, हा शेजारी राहील, भांडू नका.’’ ती थांबली. ‘‘रोज त्या बसमध्ये मी कशाला चढत होते? बाजारात जायला या पायऱ्यांच्या खालीच कोंबी येते.’’

नाबोरच्या कानात घंटा वाजू लागल्या. बाहेरच्या नव्हेत. काहीतरी करायला हवं होतं, आणि हाताला जे लागलं ते त्याने केलं. चळतीतला एक तमाल उचलला, पान सोडलं आणि घास घेतला.

सेनोबिया वळली. आलेले आत्मे फक्त वास घेतात. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तमालाचा अर्धा भाग नाहीसा झालेला होता आणि नाबोरच्या मिशीला मसाला लागला होता. ती बघत राहिली. घसा खालीवर झाला तेही तिने पाहिलं. मग ती भिंतीला टेकून सावकाश जमिनीवर बसली, आणि आपण काय काय बोलून गेलो ते तिच्या चेहऱ्यावरून एकेक वाक्य करत जाताना त्याला दिसलं. नव्या डोळ्याला सगळं दिसत होतं.

मग तिने विचारलं, ‘‘मीठ बरोबर आहे?’’

‘‘जरा कमी आहे,’’ नाबोर म्हणाला. ‘‘नेहमीच कमी असतं.’’

तिने शालीच्या टोकाने डोळे पुसले. हसते आहे की रडते आहे ते कळेना. मग नाबोरने, ब्रेकवर पाय न ठेवता, रविवारी पिए दे ला कुएस्ताला येशील का, असं विचारून टाकलं. आणि चाचरतच, ते कार्ड मिळालं तर बस चालवता येईल, असंही म्हणाला.

‘‘मांडणीला हात लावायचा नाही,’’ सेनोबिया उठत म्हणाली. ‘‘उद्या संध्याकाळी ती उठेपर्यंत तू गेलेलाच आहेस. गेलेल्या माणसाबरोबर मी कुठं येत नाही. परवा विचार. आणि त्या कर्ण्यांची तार आधी जोडून घे. मुक्या बसमधून आलास तर दार उघडायची नाही मी.’’

ती आतून मिठाची वाटी घेऊन आली आणि त्याच्यापुढे ठेवली. तेवढ्यात दारात धापा टाकत, चौकटीला दोन्ही हातांनी धरून तिबुर्सिया उभी राहिली. तिच्या मागे पायऱ्यांवर सगळी बस होती. तिबुर्सियाने डोळे मिटून श्वास घेतला आणि मयताघरच्या आवाजात सुरुवात केली. ‘‘सेनोबिया, पोरी, मन घट्ट कर. जरा बस खाली. तुला एक सांगायचंय.’’

‘‘तुम्हीच बसा, तिबुर्सिया मावशी,’’ सेनोबिया म्हणाली. ‘‘आणि सांभाळून, पाकळ्या तुडवू नका. याला अजून एक दिवस मेलेलं राहायचंय, पण जेवतोय चांगला.’’